अण्णाचं 'गप'

"वन्सं, हे गेले," एवढंच वहिनी फोनवर म्हणाली आणि थांबली. आपण तोंड उघडलं की कुणीतरी 'गप' म्हणणार, ही तिची उभ्या संसाराची सवय... ती बेळगावात, मी निपाणीत. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं ते तिच्या त्या थांबण्याचं. थोरला भाऊ, आमचा अण्णा, गेल्याचं नव्हे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी त्यानं बोलू दिलं नाही, मेल्यावर लोक बोलू देत नाहीत. मग बोलायचं तरी कधी?

'गप' हा शब्द आमच्याकडं कुठल्या घरात नाही? रडणाऱ्या पोराला 'गप गप, माझ्या राजा' म्हणून थोपटतात. आढेवेढे घेणाऱ्या पाहुण्याला 'गप जेवा हो' म्हणून वाढतात. मैत्रीण लाजली की 'गप गं' म्हणते. लई मायेचा शब्द! त्याच्याच शेजारी 'गप्पा' कशा येऊन बसल्या, देव जाणे. अण्णाला मात्र त्याचा एकच उपयोग ठाऊक. वहिनीनं विचारलं, आमटीत मीठ कमी पडलं का? गप. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, मी दारातून म्हटलं, "मला हे स्थळ पसंत न्हाय." गप! पुढं संसार नीट झाला, पण त्याचं श्रेय मी अण्णाला देणार नाही.

वर हा शब्द अस्सल मराठी, असा त्याचा बाणा. एकदा बेळगावच्या बसमध्ये थांबा नसलेल्या जागी उतरायचं म्हणून तो कंडक्टरवर खेकसला, "गप गाडी थांबव!" कंडक्टर शांतपणे म्हणाला, "नीव गप कुंद्रि, अण्णा." म्हणजे तुम्हीच गप बसा! कानडीतही तोच शब्द. सगळी बस हसली. घरी येऊन म्हणतो कसा, "आमचा शब्द चोरलाय त्यांनी." आणि जन्मभर मिरवलेलं ते कानडी 'अण्णा' कुठनं आणलं होतं रं? त्याचं ते ऐकून वहिनीला हसू फुटलं, तर तिलाच "गप!"

महिन्यानं पुन्हा बेळगावला गेले. सोप्यात भिंतीवर अण्णाचा फोटो, त्याला चंदनाचा हार. खाली सगळी जमलेली. भाचा, अण्णाचा मुलगा, म्हणत होता, आईला पुण्याला नेऊ, घराला कुलूप लावू. माझ्या धाकट्या भावानं मान डोलावली. वहिनी समोर बसलेली, तिला विचारतंय कोण? माझं डोकं फिरलं. "अरे, तिला तरी..." म्हणेपर्यंत सगळे एकदम बोलायला लागले.

"गप बसा सगळी!"

मी चमकून फोटोकडंच बघितलं. पण उठली होती वहिनी.

"मी कुठं जाणार न्हाय. माझं घर हाय हे." मग तिनं फोटोकडं बोट केलं, "आणि तुम्हीबी गप."

पदर सारखा करून ती माझ्याकडं वळली.

"हां वन्सं, काय म्हणत होता? बोला की."