करणाऱ्याचं नाव

रेडीच्या खाणकचेरीत फॉस्टिन लोबोइतकं सुबक इंग्रजी कुणाचं नव्हतं, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. कचेरीत तो कारकून. संध्याकाळी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचा, म्हणून गाव त्याला मास्तर म्हणे. तो शिकला कारवारला, मामाकडे राहून. तिथल्या हेगडे मास्तरांनी त्याला इंग्रजी व्याकरण कानडीतून शिकवलं आणि ते त्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

"पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणि प्रयोग," हेगडे मास्तर सांगत. "रामाने रावणाला मारलं, हे उलटं करा. रामनिंद रावणनु कोल्लल्पट्टनु. रामाकडून रावण मारला गेला." मग त्या शेवटच्या ‘पट्टनु’वर छडी आपटत. "हा ‘पडु’ धातू. अर्थ, भोगणे. इंग्रज नुसतं ‘वॉज’ म्हणून मोकळा होतो. कानडीत ज्याच्यावर बेतलं त्यानं ते भोगलं, असं वाक्यातच येतं. म्हणून घरात बोलताना कुणी हा प्रयोग करत नाही. सरळ मारणाऱ्याचं नाव घेतात." त्यानंतर नियम. करणारा कोण ते माहीत नसेल, किंवा सगळ्यांना माहीतच असेल, तर त्याचं नाव गाळावं. फॉस्टिनने हे वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतलं होतं. नाव गाळायचं तिसरं एक कारण असतं, ते मात्र हेगडे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

ते त्याला एकोणीसशे एकोणसाठच्या मे महिन्यात कळलं. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती आणि लोखंडाची माती पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, तिच्यापर्यंत न्यायची होती. वारा फिरला होता. एका पडावाचा प्रमुख, दाजी तांडेल, तिथून ओरडला, "सायबांनू, पडाव काठापर्यंत बुडालो. आता आणि भरूक नको!"

मॅनेजरसाहेब लांबचा, त्याला मराठीचा गंध नाही. त्याने फॉस्टिनकडे पाहिलं. फॉस्टिनने इंग्रजीत सांगितलं. साहेब इंग्रजीत काहीतरी तुटक बोलला, आणि फॉस्टिनने धक्क्यावरून हाक दिली, "दाजी, साहेब म्हणतत, भर!"

दाजीने भरला. पडाव आगबोटीपर्यंत पोचलाच नाही. दाजी आणि चार खलाशी गेले. दोघांची प्रेतं तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली, दाजीचं लागलं नाही.

बंदरखात्याला अहवाल पाठवायचा होता. फॉस्टिनने पहिला मसुदा खरा लिहिला, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मॅनेजरच्या हुकमावरून पडाव जास्त भरला, असा. साहेबाने तो वाचला. रागावला नाही. उलट खुर्ची दिली.

"हुकूम कुणी ऐकला?" त्याने विचारलं. "माझं इंग्रजी धक्क्यावर कुणाला कळतं? लोकांनी आवाज ऐकला तो तुझा. नावच घालायचं तर तुझं घालावं लागेल."

फॉस्टिनच्या घरी बायको पिएदाद, दोन पोरी. त्याने कागद बदलला आणि लिहिलं, ‘द बार्ज वॉज ओव्हरलोडेड.’ पडाव प्रमाणाबाहेर भरला गेला. व्याकरणात एक चूक नाही. साहेबाने सही केली. पाचही घरांत नक्कल गेली.

आठ दिवसांनी दाजीची बायको चंद्रावती तो कागद पदरात गुंडाळून फॉस्टिनच्या दारात आली.

"मास्तरांनू, वाचून दाखवा. त्या चौघांच्या बायका माका बावडेवर पाणी भरूक देणत नाय. तुझ्या घोवान आमचे घोव बुडवल्यान म्हणतत. ह्याच्यात कोणाचा नाव आसा?"

फॉस्टिनने वाचून दाखवलं.

"भरलो गेलो? पण कोणी भरल्यान?"

"ते लिहिलेलं नाही," फॉस्टिन म्हणाला. मालवणी सोडून तो एकदम कचेरीचं मराठी बोलायला लागला होता. "इंग्रजीत तशी रीतच आहे. करणारा माहीत नसला, किंवा सगळ्यांना माहीतच असला, की नाव लिहीत नाहीत."

चंद्रावतीने कागद परत हातात घेतला. "सगळ्यांक ठावक असला की लिवणत नाय," ती स्वतःशीच म्हणाली. कागदाची घडी करून निघून गेली. फॉस्टिनला सुटल्यासारखं वाटलं. त्या मेल्या फॉस्टिनला तेव्हाही कळलं नाही आपण काय करून ठेवलं ते.

सात वर्षं गेली. साहेब बदलून लांब गेला. जाताना फॉस्टिनला हेडक्लार्क करून गेला. पण फॉस्टिनला शिकवणीत कर्मणि प्रयोगाचा धडा घेता येईना. पोरांसमोर ‘वॉज’ लिहिलं की कानात ‘पट्टनु’ वाजे. शेवटी एका बुधवारी तो उठला आणि एस.टी.ने कुडाळच्या बाजाराला गेला. तिच्या वाडीत जायचा धीर होत नव्हता, आणि चंद्रावती बुधवारी तिथे सुकी मासळी विकते, असं ऐकलं होतं. ती म्हातारी दिसत होती. तिच्यापुढे उकिडवा बसून त्याने सगळं सांगून टाकलं. साहेब बोलला, हाक मी दिली, दाजी नको म्हणत होता, कागद मी लिहिला.

चंद्रावती सुकटं निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मास्तरांनू, माका बरा वाटाचा म्हणान आता खोटा कित्याक बोलतास? पडावाचो तांडेल कोण? माझो घोव. मगे भरतलो कोण? सगळ्यांक ठावक होता, म्हणान लिवक नाय. तुमीच सांगलास."

"चंद्रा, मी खरां सांगतंय गो. गावात येवन सगळ्यांक सांगतंय."

तेव्हा तिचे हात थांबले. "नको. सात वर्सां त्या चौघींच्या दारात जातंय. लाकडां फोडतंय, पाय धरतंय. औंदा खंय पाणी भरूक दिल्यानी. आता दाजीचो गुन्याव नाय म्हटलास, तर ती सात वर्सां मी खंय टाकू?"

फॉस्टिन उठला तशी तिने कागदात सुकटं बांधली, वर आणखी एक मूठ घातली आणि पुडी त्याच्या हातात दिली.

"न्हेवा. तुमचे उपकार आसत. त्या दिसा तुमी नीट समजावन सांगलास, नायतर मी अजून दुसऱ्याक दोष देत बसलंय असतंय."