फणसाचं दार, कुयलीची वेल

कंग्राळीत अंबुबाईला कुणी वाकडं बोलत नाही. भीतीनं म्हणा, शहाणपणानं म्हणा. बाई मारकुटी नाही, भांडखोर तर मुळीच नाही. भांडून मोकळी झाली असती तर बरं होतं, असं गावच म्हणतं. ती भांडत नाही, पेरते.

लग्न होऊन ती खानापूरच्या रानातून या घरात आली तेव्हा दीर रवळू चड्डी सावरत शाळेत जायचा. त्याचा शेंबूड हिनंच पदरानं पुसलेला. घरात एकालाच शिकवायची ऐपत होती, म्हणून तिच्या नवऱ्यानं आपणहून काठी उचलली आणि गुरांमागं गेला. रवळू पुस्तकामागं गेला. पुढं बेळगावात कचेरीत चिकटला, पंख्याखाली जन्म काढला आणि साहेबासारखं पोट सुटल्यावर रिटायर झाला. थोरला तोवर मातीत गेला होता.

माहेरातून येताना अंबुबाईनं पदराच्या गाठीला फणसाची एक आठळी बांधून आणलेली. ती मागच्या परड्यात पुरली, भांड्यांचं खरकटं पाणी घालून जगवली. झाड असं माजलं की दुपारी त्याच्या बुडात आळीतल्या बायका पाय पसरून बसल्या तरी आणखी एकीला जागा उरायची. तांदूळ तिथं निवडायचे, डोकी तिथं विंचरायची, सुनांची उणीदुणी तिथंच काढायची. अंबुबाईला घर म्हणजे ते झाड. भिंती आपल्या पाऊस अडवायला.

वाटणी झाली आणि परडं मधोमध चिरलं. सुतळी ताणली ती फणसाच्या अलीकडनं. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "रवळू, झाड वैनीच्या हातचं हाय रं."

"असंल की. पर झाड जिमिनीबरोबर जातंय. नेम हाय," रवळू म्हणाला. कचेरीत राहून त्याला सगळ्या गोष्टींचे नेम पाठ झाले होते.

"झाड ने," अंबुबाई म्हणाली. "सावली तेवढी ऱ्हाऊ दे. ती काय सुतळी बघून पडत न्हाय."

रवळू नुसता हसला. दिवाळी सरल्यावर अंबुबाई भाचीच्या बारशाला खानापूरला गेली. परत येऊन मागचं दार उघडलं तर परड्यात ऊनच ऊन. रवळूच्या मुलाचा, आदर्शचा, बेळगावच्या टिळकवाडीत बंगला चालला होता. त्याच्या दाराला फणसाचं लाकूड पाहिजे होतं, हळदीसारखं पिवळं, वाळवीला दाद न देणारं. परड्यात गुडघ्याएवढा बुंधा राहिला होता आणि भोवती भुसा.

ज्यानं करवत चालवली तो भरमू संध्याकाळी खाली मान घालून आला. "आक्का, माझ्यावर राग धरू नका. तुमास्नी इचारलंय म्हणून सांगितलं वो त्येनी."

"तुझ्यावर कशाला धरू? च्या घे."

चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "उरलंसुरलं लाकूड कुठं गेलं?"

"झोपाळा करणार हाईत. बंगल्याच्या पुढच्या सोप्यात. रवळूअण्णा म्हणत हुते, आता जलमभर झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचा."

अंबुबाईनं कपबशी विसळली. "माझी बसायची जागा काढली त्येनं. आता तो बसतोय कसा त्येच बघती."

भरमूनं हे कुणाला सांगितलं नाही. शहाणा माणूस.

आपल्या वाट्यात अंबुबाईनं मेढी रोवल्या, वर काटक्या टाकल्या आणि वालाचं बी लावायचं ठरवलं. शेजारीण म्हणाली, "आणि एक फणसच लाव की गं."

"झाडाला म्हातारपणी हात घालू न्हाय. झाडाला धीर लागतोय. वेल बरी. जे करायचं ते वर्साच्या आत करून दावती."

वैशाखात वास्तुशांती ठरली आणि रवळू स्वतः बोलवायला आला. यावंच लागलं त्याला. त्या घराण्याची रीतच आहे: नव्या घराच्या दारात पहिलं रोप थोरल्या बाईच्या हातचं. ते वर्षभर उपटायचं नाही, उपटलं तर घर बसतं. काढायचंच झालं तर ज्या हातानं लावलं त्याच हातानं.

"येती की," अंबुबाई म्हणाली. "मानाचं हाय, न यीऊन कसं चालंल?"

त्याच दिवशी तिनं कोपऱ्यात एका पिशवीत माती भरून ठेवली. तीत बी टोचलं ते खाजकुयलीचं. काळंभोर, चकचकीत, घेवड्याच्या मोठ्या दाण्यासारखं. वेल दिसायला लई गुणाची. दाट पानं, जांभळ्या फुलांचे लोंबते घोस. पण शेंगा वाळल्या की त्यांच्यावरची सोनेरी लव वाऱ्यानं झडते आणि अंगावर बसली की माणूस कपडे फाडून पळतो. गुराख्याची पोरं त्या वेलीला वळसा घालून जातात. रवळू कधी गुरांमागं गेलाच नव्हता. त्याच्या वाट्याचं रान त्याच्या भावानं तुडवलं होतं.

बंगल्यात शिरताना अंबुबाईनं दारावरून हात फिरवला. पॉलिशखाली शिरा अजून पिवळ्या होत्या. आत बागेवरूनच खल चालला होता.

"दारात मोठं झाड पायजे," रवळू पाहुण्यांना सांगत होता. "माणसानं सावलीत बसावं."

"अप्पा, मुळं फाउंडेशनमध्ये घुसतात," आदर्श म्हणाला. "आणि गाडीवर पानं, पक्ष्यांची घाण."

सून चिन्मयी म्हणाली, "मला तर वेल आवडेल. कमानीवर चढवलेली. काकू, तुम्हीच सांगा, झाड की वेल?"

सगळे तिच्याकडं वळले. अंबुबाईनं पदर सारखा केला.

"झाडाचं काय सांगू, पोरी. लावतोय एक, सावलीत बसतोय दुसरा, आणि तिसरा कापून दार करतोय." रवळूनं खोकल्याचं निमित्त केलं. "झाडाला माणसं टिकणारी लागत्यात. वेलीला नुसता आधार लागतोय, खांब असला तरी चालतंय. तुमच्यात खांब हाईत चिक्कार. वेलच लावू या."

"बघा, जुनं माणूस!" रवळू पाहुण्यांकडं वळला. सुटला एकदाचा. मग त्यानं त्या रीतीचं पुराण मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकवलं: आमच्यात थोरलीच्या हातचं रोप, वर्षभर हात लावायचा नाही, बेळगावात शिकलो म्हणून रीत सोडली नाही. वकील, मास्तर, कचेरीतली मंडळी माना डोलवत होती. अंबुबाईनं खड्डा केला तो झोपाळ्याला लागून, वाऱ्याच्या अंगाला. नारळ फुटला, फोटो निघाले.

निघताना तिनं चिन्मयीला बाजूला घेतलं. "शेंगा वाळाय लागल्या की लेकीला पुढं खेळाय सोडू नको. मागं सोड."

चिन्मयीनं तिच्याकडं टक लावून बघितलं. तीही त्याच सासऱ्याच्या हाताखाली घर करत होती. का म्हणून तिनं विचारलं नाही.

आश्विनात वेल सोप्यावर छत धरून बसली. रवळू झोपाळ्यावर पेपर वाचत येणाऱ्याजाणाऱ्याला फुलं दाखवायचा. एक दिवस समोरचे कन्नड मास्तर फाटकातच थबकले. "अय्यो, नसुगुन्नी री! कुणी लावली ही खाज तुमच्या दारात?"

त्याच पावली रवळूनं फोन लावला. "वैनी, काय लावलंयसा हे?"

"वेल."

"खाजकुयली हाय म्हणं!"

"आसंल. वेल जिमिनीबरोबर जाती न्हवं? जिमीन तुझी."

"मी उपटून टाकतो."

"टाक की. चारचौघांत तूच सांगितलंस, घर बसतंय. बसलं तर मला बोल लावू नको म्हंजे झालं."

रवळू कोयता घेऊन उठला तर बायको आडवी आली. वर्षात काही बरंवाईट झालं तर? आदर्शला प्रमोशन यायचं होतं. रीत त्यानंच गावभर मिरवली होती. आता ती त्याच्या गळ्यात. शेंगा मोठ्या होत गेल्या. संक्रांत सरली, वारं सुटलं आणि सोनेरी लव झडायला लागली. पहिल्या दिवशी रवळू बनियन काढून फाटकापर्यंत धावला. शेणानं खाज जाते असं कुणीतरी सांगितलं, तर टिळकवाडीत शेण मिळेना. शेवटी दूधवाल्याकडनं बादलीभर आणवलं. रिटायर साहेब सोप्यात उघडा, अंगभर शेण चोपडलेला, आणि फाटकाबाहेर वकिलीणबाई. चिन्मयीच्या लेकीचा खेळ तेवढा दिवाळीपासनंच मागच्या अंगणात गेला होता.

माघात भर दुपारी रवळू कंग्राळीला आला. गळ्याखाली चट्टे, हाताला थारा नाही. अंबुबाई वालाच्या मांडवाखाली शेंगा सोलत बसली होती.

"वैनी, चला. तुमच्या हातानं काढा ती अवदसा."

"वर्स भरू दे. मिरगाला येती."

"मिरगाला? तवर मी बसू कुठं?"

अंबुबाईनं हातातल्या शेंगेनंच सुतळीपलीकडं दाखवलं. "हाय की, बस. तुझ्याच वाट्यात हाय."

रवळू सुतळी ओलांडून पलीकडं गेला. तो फणसाच्या बुंध्यावर बसला. डोक्यावर ऊन, अंगाला खाज. तिनं तांब्याभर पाणी सुतळीपलीकडं सरकवलं आणि परत शेंगा सोलायला लागली.

उन्हं कलली तशी मांडवाची सावली सरकत सरकत सुतळीला लागली, मग ओलांडून पलीकडं गेली. रवळूनं हळूच एक पाय लांब करून तीत ठेवला.

अंबुबाईनं सूप खाली ठेवलं. उठली, मेढीपाशी गेली आणि त्या अंगाला लोंबणाऱ्या वालाच्या दोन फांद्या आत ओढून सुंभानं करकचून बांधल्या. रवळूच्या पायावर ऊन आलं.

मग ती येऊन परत शेंगा सोलायला बसली.