धंतोलीतल्या डब्याची चौकशी

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनात घर करून बसलंय ते एका डब्याचं प्रकरण, आणि ते घडलं तेव्हा मी निवृत्त होतो!

आमच्या भागाचा एक ऑनलाइन फोरम आहे. नळ कधी येणार, गाडी कोणी आडवी लावली, सगळं तिथे. भांडणं वाढली तसं मला मॉडरेटर केलं. "साहेब, तुमाले भेतात लोकं," म्हणाले.

एका सकाळी पोस्ट आली. धंतोलीत दवाखान्यांच्या गल्लीत एक बाई मेस चालवते, पेशंटच्या नातेवाइकांना डबे देते. तिचा वरण-भात खाऊन आमच्या पेशंटला उलट्या झाल्या, असं एकाने लिहिलं होतं. मी ठाण्याच्या सवयीने खाली लिहिलं, "तक्रार प्राप्त. चौकशी सुरू आहे." आणि आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर फोरम पेटलेला! शिळं देते, माझ्या मामीलाही त्रास झाला, मेस बंद करा, सह्या गोळा करा. मी ताबडतोब चर्चा बंद केली. ठाण्यात दोन गट भिडले की आधी वेगळे बसवतो, तसं. पण तिथे वेगळा केलेला माणूस बाकावर गप्प बसतो. इथला उठून दुसऱ्या ग्रुपवर गेला आणि दुप्पट बोलला.

दुपारी त्या बाईचाच फोन आला.

"साहेब, मालक म्हणते रविवारपर्यंत खोली खाली करा. माह्यावर केस झाली का?"

"नाही ताई."

"मंग चौकशी काहून सुरू आहे?"

चौकशी नव्हतीच, नुसतं लिहिलं होतं. मग खरोखरची सुरू केली.

ठाण्यात जबाब लिहून झाला की तो माणसाला वाचून दाखवतात, मगच सही. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की निम्मी माणसं तिथेच खरं बोलायला लागतात. मी एकेकाला फोन लावला आणि त्याचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं.

'शिळं देते' लिहिणारा म्हणाला, "म्या कुठं खाल्लं साहेब? तुम्हीच लिवलं ना, चौकशी सुरू आहे. मले वाटलं सापडलं असन काही."

मामीवाला हसायलाच लागला. "मामी तं गोंदियाले राहते. जोशात लिवून टाकलं!"

शेवटी मूळ तक्रारदार.

"'वरण-भात खाऊन उलट्या झाल्या.' बरोबर?"

"हो."

"कधी दिला?"

"भावाचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"काहीच देऊ नका म्हणाले होते. पण आई रडून राहिली होती, पोराच्या पोटात अन्न नाही म्हणून. दिले दोन घास."

"हे पोस्टमध्ये नाही."

"मंग आईले दोष देऊ का साहेब?"

आईचं नाव घेऊ नको, पण खरं लिही, म्हटलं. त्याने लिहिलं: चूक आमची, डब्याची नाही.

मी मेसवर गेलो. बाई पोळ्या लाटत होती. मी माफी मागितली. तिने मान वर केली नाही.

"बदनामी साऱ्या धंतोलीत, अन् माफी माह्या स्वयंपाकघरात?"

तिथेच उभ्या उभ्या फोरमवर लिहिलं, नावासकट: चौकशी नव्हतीच, 'चौकशी सुरू आहे' हे तीन शब्द माझी चूक. मग घरमालकाकडे जाऊन त्यालाही ते मोठ्याने वाचून दाखवलं. खोली वाचली.

खात्यात माझ्या प्रत्येक ओळीवर वरिष्ठांची नजर होती. इथे कोणाचीच नाही, आणि पोलिसाचं अर्धं वाक्यसुद्धा लोक निकाल म्हणून वाचतात. आता तक्रार आली की मी लिहितो, "मला अजून काहीच माहीत नाही." तेवढ्यानेही आग बरीच कमी होते.

मेस सुरू आहे. पण काही नातेवाईक आजही ती टाळून पुढच्या गल्लीत डबा शोधतात. आरोप त्यांच्यापर्यंत पोचला, माझी माफी पोचली नाही.