हेस्टरबाईंच्या कोड्याचे दार

हे जगन्नायका, तू या सृष्टीत स्वतःला दडवलेस, पण दडवताना लबाडी केली नाहीस. पानाच्या शिरेत, पाखराच्या हाकेत, भुकेल्याच्या पुढ्यातल्या घासात तू आपली खूण ठेवलीस आणि शोधणाऱ्याला म्हणालास, ‘ये, मी इथेच आहे.’ त्या तुझ्या प्रामाणिक लपंडावाला वंदन करून मी आमच्या इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातल्या एका बाईची कथा सांगतो. तिचे नाव हेस्टर ऑलरेनशॉ.

हेस्टरबाईंचे तारुण्य लोकरीच्या गिरणीत मागावर गेले. गिरणी बंद पडली, माग थांबले, पण विणण्याची हौस काही थांबेना. मग त्या शब्द विणू लागल्या. गावच्या साप्ताहिकात दर शनिवारी त्यांचे गूढ शब्दकोडे येई. खाली नाव ‘बॉबिन’, म्हणजे मागावरची धाग्याची कांडी. कोडे घालणाऱ्याने टोपणनावाआड बसायचे, हा तिथला रिवाज. अर्थात बॉबिन कोण हे गावातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होते!

या कोड्यातली प्रत्येक ओळ वरून एक सांगते आणि आतून दुसरेच. ओळीच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या शब्दांत ते उत्तर घडवण्याची युक्ती असते. सोडवणारा फसला पाहिजे, भरपूर फसला पाहिजे. पण उत्तर सापडताच त्याने कपाळावर हात मारून म्हणावे, ‘अरे, हे तर माझ्या डोळ्यांसमोरच होते!’ हेस्टरबाईंचा सारा धर्म या एका उद्गारात सामावलेला होता.

शनिवारी सकाळी मंडळी चर्चच्या सभागृहात जमत. चहाच्या किटल्या, लोण्याने माखलेले स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव, ज्याच्या त्याच्या हातात वर्तमानपत्र. त्या साऱ्यांचा मुकुटमणी विल्फ्रेड थॅकरा. पूर्वी रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. उतारवयात दृष्टी गेली. पत्नी मॉड ओळी वाचून दाखवी आणि विल्फ्रेड सारे चौकोन मनातल्या मनात भरत. डोळसांच्या पेन्सिली घुटमळत असताना यांचे कोडे पुरे होई.

त्या वसंतात हेस्टरबाईंना एक युक्ती सुचली. एका क्रमांकापुढे त्यांनी काहीच लिहिले नाही. कोरी जागा! उत्तर होते ‘गैरहजर’. गावाने ते ओळखले आणि गाव खूश झाले. पण मॉडने तो आकडा वाचला आणि म्हटले, “इथं काही नाहीये, विल्फ. छापायचं राहिलंय बहुतेक.” विल्फ्रेड आठवडाभर त्या एका शब्दाशी झुंजले. पुढच्या शनिवारी उत्तर वाचले गेले, सभागृह हसले, टाळ्या पडल्या. विल्फ्रेड उठले, कोट घातला आणि मॉडचा हात धरून बाहेर पडले. त्यानंतर ते फिरकलेच नाहीत.

हेस्टरबाई आल्याचा केक घेऊन त्यांच्या दारी गेल्या.

“केक ठेवून जा,” विल्फ्रेड म्हणाले. “केकवर माझा राग नाही.”

“चुकलं माझं, विल्फ. पुढचं तुला जमेल असं सोपं घालते.”

“सोपं?” विल्फ्रेड एवढ्या जोराने ओरडले की मॉडच्या हातातली बशी खणखणली. “मी काय आता बालवाडीत बसू? अगं बाई, भिंत घाल, उंच घाल, काळीकुट्ट घाल. मी चाचपडीन, डोकं आपटीन, तुला शिव्या देईन. पण त्या भिंतीत कुठेतरी दार असू दे! परवाच्या भिंतीत सगळ्यांना दार होतं, मला तेवढं नव्हतं.”

हेस्टरबाईंनी केक टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “नाताळाआधीच्या शनिवारी ये. एक शब्दही सोपा नसेल. आणि दार सापडलं नाही, तर सगळ्यांदेखत तसं सांग. बॉबिन त्या दिवसापासून बंद.”

“बंद म्हणजे बंद?”

“बंद म्हणजे बंद.”

मग हेस्टरबाईंच्या घरात एक नवे व्रत सुरू झाले. पती एडगर चुलीपाशी उभे राहून ओळी वाचत आणि हेस्टरबाई डोळे गच्च मिटून ऐकत.

“एडगर, पुटपुटू नकोस!”

“मी पुटपुटत नाही, तूच बहिरी झालीयेस.”

“मग मोठ्यानं पुटपुट!”

जी ओळ कानाला दार दाखवत नसे, ती कितीही सुंदर असली तरी फाडून चुलीत जाई. लाडक्या, जपलेल्या, कित्येक महिने मनात घोळवलेल्या ओळी जळाल्या! त्याग आणखी निराळा काय असतो?

तो शनिवार उजाडला. विल्फ्रेड आले! खुर्चीत ताठ बसले. मॉड वाचू लागली आणि एकेक शब्द पडू लागला. कधी पटकन, कधी घाम काढून. शेवटी एकच ओळ उरली. तिचे मराठी रूप करायचे, तर ते असे: ‘कसा गरमागरम! पोटात आहे समुद्र. तीन अक्षरे.’

सारे सभागृह अडले. “किटली!” बेकर नॉर्मन ओरडला.

“किटलीत समुद्र असतो का रे?” मॉड म्हणाली. “तुझ्या पावात तेवढं मीठ असतं, ते वेगळं.”

हशा उसळला. विल्फ्रेड मात्र हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठ्या, हेस्टरबाईंचे डोळे त्यांच्यावर खिळलेले! एडगरना राहवेना, ते विल्फ्रेडच्या कानाशी वाकणार, तोच हेस्टरबाईंनी त्यांची बाही खेचली. “खबरदार! त्याचं दार तोच उघडेल.”

“मॉड,” विल्फ्रेड हळूच म्हणाले, “पहिले दोन शब्द पुन्हा म्हण. मध्ये थांबू नकोस. एका दमात.”

“कसागरमागरम.”

“पुन्हा!”

“कसागरमागरम!”

विल्फ्रेडचा हात टेबलावर असा आदळला की चमचे उडाले. “सागर! अगं, तो ‘कसा गरमागरम’च्या पोटातच आहे! समुद्र म्हणजे सागर! सगळं समोर मांडलंय, आणि आम्ही चहा पीत बसलोय!”

सभागृह उठून उभे राहिले. नॉर्मनने कपाळावर हात मारला. विल्फ्रेड आवाजाच्या रोखाने वळले आणि गरजले, “हेस्टर ऑलरेनशॉ! तू दुष्ट बाई आहेस!”

“आणि दार?” हेस्टरबाईंनी विचारले.

“होतं,” विल्फ्रेड म्हणाले. “होतं, आणि उघडंच होतं. पुढच्या शनिवारी याहून अवघड आण.”

हेस्टरबाई हसत होत्या, रडत होत्या, आणि एडगर त्यांचा चहा आपल्याच कपात ओतत होते.

हे जगन्नायका, या माउलीच्या चुलीत निखारा राहो आणि तिच्या ओळीत न्याय राहो. एडगरचा आवाज खणखणीत होवो, मॉडची जीभ अशीच धारदार राहो, विल्फ्रेडच्या मनातला एकही चौकोन रिता न राहो. हेस्टरबाईंच्या घराचा उंबरा शोधत येणाऱ्या प्रत्येकाला दार सापडो, आणि दारात तूच उभा अस.