साबणाच्या फुग्यात मी दोनदा

साबणाच्या फुग्याचा फोटो काढायचा तर थंडी लागते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. उन्हाळ्यात आमच्या वाशीमला फुगा नळीतून सुटायच्या आत फुटतो. हिवाळ्यात मात्र सकाळी, ऊन नुकतं गच्चीच्या कठड्यावर येतं तेव्हा, हवेत ओल असते आणि तो जरा दम धरतो. बोअरचं पाणी चालत नाही, जड आहे. कॅनचं पाणी, भांडी घासायचं लिक्विड, मेडिकलमधलं ग्लिसरीन. नळी म्हणून पपईच्या पानाचा देठ. मागे काळं काही असलं की रंग उठतात, म्हणून मी बायकोची काळी साडी दोरीवर टाकतो.

"संक्रांतीले नेसाची हाय ते मले," ती खालून ओरडते. "साबण लागला तर तुमीच नेसा मंग."

एक अडचण काही केल्या सुटत नव्हती. फुगा म्हणजे गोल आरसाच. पाण्याची टाकी, विजेच्या तारा, शेजारचा लिंब, सगळं त्यात येतं, आणि मोबाईल धरून उभा असलेला मीही येतो. तोही दोनदा: पुढच्या अंगाला सरळ, मागच्या अंगाला उलटा. मला फोटोत यायचं नव्हतं. मी डोक्यावरून काळी शाल घेऊन, फक्त कॅमेऱ्यापुरती फट ठेवून उभा राहू लागलो.

यंदा माघात पुण्याहून मुलगी आली. माझी थोरली बहीण कारंज्याला असते, तिच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. बहिणीने फोनवर बजावलं होतं, "तुमी दोघं या. पोरीले आणू नको." मुलगी तरीही आली. म्हणाली, "आत्याच्या पाया पडीन. फार तर हाकलून देईन ते मले."

आत्या का चिडली, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहून टाकतो.

मुलीने पुण्यात कोर्टात लग्न केलं. मुलगा आमच्यातला नव्हता. तिने मला आधी सगळं सांगितलं होतं आणि एकच हट्ट धरला होता: आत्या पाहिजे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला लग्नाचं आवतण द्यायला भाऊ स्वतः तिच्या दारात जातो. फोनवर सांगणं म्हणजे अपमान. पोरीने रीत पाळली आणि हे काम माझ्यावर सोपवलं. मी नारळ घेऊन एसटीत बसलो, कारंज्याच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला. भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, काय म्हणतील, गल्लीतले काय विचारतील, हे घोळवत बाकावर बसून राहिलो आणि परतीच्या गाडीत चढलो. घरी सांगितलं, बोलावलं, पण तिच्या येण्याचा काही नेम दिसत नाही. पुढे बहिणीला लग्नाची बातमी बाहेरून कळली. तिने विचारलं तेव्हा म्हणालो, "मलेच माहीत नव्हतं." तापाचं निमित्त काढून लग्नाला मीही गेलो नाही, बायकोलाही अडकवून ठेवलं.

म्हणजे बहिणीला वाटत होतं, भाचीने चोरून लग्न केलं. भाचीला वाटत होतं, आत्या बोलावूनही आली नाही.

त्या सकाळी मुलगी फुगे फुंकत होती आणि मी शालीत होतो.

"बाबा, तुमी बोलवाले गेले होते तवा आत्या काही बोलली होती का? रागानं?"

"हालू नको."

"मी कुठं हालून राह्यली? इचारून राह्यली."

तिने देठ पुन्हा ओठांना लावला. फुगा मोठा होत होता. अशा वेळी फुंकणाऱ्याला बोलता येत नाही, आणि मला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. मी म्हणालो, "मी तिच्या घरी गेलोच नव्हतो." आणि मग स्टँडपासून तापापर्यंत सगळं सांगून टाकलं.

तिने फुगा हलकेच सोडला. तो टाकीवरून पलीकडे गेला.

"स्टँडवरून परत आले?"

"हो."

"चहा पिऊन?"

"हो."

तिने देठ खाली ठेवला. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"मले कायले सांगता? तिले सांगा. आन पयले ते शाल काढा, भूत दिसून राह्यले."

मी मोबाईलवर बहिणीचा नंबर काढला. "फोनवर?" ती म्हणाली. मी तो खिशात ठेवला.

दुपारच्या गाडीने आम्ही दोघं कारंज्याला गेलो. बहिणीच्या ओसरीत बायका गहू निवडत होत्या. मुलीला पाहताच बहिणीने तोंड फिरवलं. मी उभ्या उभ्याच बोललो, सगळ्यांसमोर. वेगळं बोलवून घ्यायला हवं होतं का, कोण जाणे. मग मला जमलं नसतं.

बहीण ऐकत होती. हातातलं सूप तसंच.

"मी हिले इतक्या शिव्या घातल्या, आन तू फोनवर 'हो, हो' करत होता?"

"हो, ताई."

"स्टँडवरून माझं घर किती दूर हाय रे?"



मग ती भाचीकडे वळली. "तू काहून उभी? बस. गहू पडले हायेत इतके." मुलीने सूप घेतलं, पण तिच्या डोळ्यांना धार लागली होती. बहिणीने पदराने तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्नाले ये. पण मामा म्हणून माझ्या पोराच्या मांगं तू उभा नाही राहाचं."

मी बरं म्हणालो.

लग्नात नवऱ्यामागे आमचा चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहिला. मी पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसलो. मुलगी मांडवात आत्याला खेटून होती, जावयाला फोन लावून आत्यासमोर धरत होती. शेजारचा पाहुणा माझ्याकडे वाकला. "काहो मामा, तुमी इकडं कसे?"

मंगलाष्टकं सुरू व्हायला वेळ होता. मी त्याला स्टँडपासून सगळं सांगितलं.