काढलेला उंबरा

सागवानी खांब-तुळयांवर उभ्या असलेल्या या जुन्या घरात आता विम्याचं ऑफिस आहे. माजघरात कॉम्प्युटर, खांबाला स्विचबोर्ड. लाकूड मात्र तेच, पॉलिश करून राखलेलं. माझ्या कामाला वेळ होता, म्हणून बघत बसलो होतो.

दारातून एक वयस्कर बाई आत आल्या. सपाट फरशीवर त्यांनी पाऊल चांगलं वीतभर उचलून आत टाकलं. टेबलामागचे मॅनेजर म्हणाले, "काकू, उंबरा काढलाय. सरळ या."

"ठाऊक आहे हो. घर मीच विकलं. पायांना कोण सांगणार?"

मग मी चौकट नीट पाहिली. उंबरा जिथे बसवला होता, तिथल्या खाचा दोन्ही बाजूंना तशाच रिकाम्या होत्या. आपण घरात राहतो म्हणतो खरं. घरही आपल्या गुडघ्यांत, घोट्यांत राहून जात असणार. त्याला कुठल्या खरेदीखताने बाहेर काढायचं?

काकूंचं काम आटोपलं. मॅनेजर त्यांचा हात धरून दारापर्यंत सोडायला गेले. चौकटीत काकूंनी पाऊल उचललं, आणि त्यांच्याबरोबर मॅनेजरांनीही.