न बोलणाऱ्याची कळ

त्या महिन्यांत देवीवरचा माझा विश्वास पार डळमळला होता. ओजस जेमतेम दीड वर्षाचा. दिवसातून कितीदा तरी शी व्हायची, त्यात रक्त असायचं आणि वजन वाढायचं सोडून उतरत होतं. भाईंदरच्या दवाखान्यात जुलाबाची औषधं बदलून झाली, रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंनी दृष्टही काढली. बाळ नुसतं रडायचं. कुठे दुखतंय ते त्याला सांगता येत नव्हतं आणि मला कळत नव्हतं.

एका मंगळवारी त्याला कडेवर घेऊन मी नवघरच्या गावदेवीच्या देवळात गेले. ओटी भरायला नव्हे, भांडायला. ‘आता तुझ्या दारात येणार नाही,’ एवढंच मनात म्हटलं आणि बाहेर पायरीवर बसून रडू लागले. शेजारी एक गुजराती बाई आणि तिची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी चपला घालत होत्या. मुलगी ओजसकडे बघत थांबली.

“आंटी, त्याला आता कळ येणार. बघा ना, पाय पोटाशी घेतोय. मी पण असंच मुटकुळं करून पडायचे.”

आणि खरंच तो कळवळला. तिच्या आईने माझा हात धरला. “बहन, मेरी बेटी को आँतों की बीमारी है. बच्चे को भी खून जाता है क्या?”

मी मान हलवली. तिने मुंबईतल्या त्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडी तपासली. आजार त्या मुलीसारखाच निघाला, आतड्यांना सूज येण्याचा. “पण मोठ्या मुलांचे उपचार जसेच्या तसे याला लागू करता येणार नाहीत,” ते म्हणाले. “इतक्या लहानपणी सुरू झालं, तर मूळ कधी कधी प्रतिकारशक्तीतल्या जन्मजात दोषात असतं. आधी ते बघू.” सुदैवाने तसा दोष सापडला नाही. औषधं आणि खास दूध सुरू झालं, हळूहळू रक्त थांबलं, गाल भरले. आजार मात्र गेलेला नाही; अधूनमधून उसळतो.

त्या मायलेकी पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांना देवीनेच पाठवलं, असं मी कुणाला पटवायला जात नाही. माझं मागणं तेवढं बदललं. पूर्वी ‘याला बरं कर’ असा हट्ट असायचा. आता ‘मला याच्यापाशी खंबीर ठेव’ एवढंच म्हणते आणि बाकीचं तिच्यावर सोडते.

परवा जेवताना ओजसने ताट बाजूला सारलं, बेंबीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “आई, इथे दुखतंय.” दुखणंच ते; पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले.